मामांचं इंजिन, अगदी तस्संच

रेल्वेच्या रुळांलगत वरणखेडे नावाचं गाव होतं आणि त्या गावात सुपडू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? "शेजारी पाहुणे आले का, बघ" म्हटलं की तो जाऊन बघून यायचा आणि गप्प बसायचा. बघायलाच तर सांगितलं होतं.

त्याचे मामा ओंकार चौधरी जन्मभर डिझेल इंजिन चालवून निवृत्त झाले होते. एक इंजिन तर त्यांच्या अगदी जिवाचं. ते भंगारात निघालं, त्याचे तुकडे झाले, तेव्हा मामा रुळांच्या कडेला बसून लहान पोरासारखे रडले होते. ही हकीकत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सुपडूला ती तोंडपाठ होती.

एकदा जुन्या बाजारात मामांना एक छोटंसं डिझेल इंजिन सापडलं. वीतभर लांब, पत्र्याचं, विजेवर चालणारं. सोबत रूळ आणि मालाचे चार उघडे डबे. आधीच्या मालकाने त्याला भलताच निळा रंग फासला होता. मामांनी ठरवलं, हे आपल्या इंजिनासारखं करून घ्यायचं. त्यांच्या एकसष्टीला मनमाडहून रज्जाकभाई येणार होते. दोघांनी एकाच इंजिनावर उमर काढलेली. पाहुण्यांमधून पेढे ओढत जाणारं आपलं इंजिन दोघांनी मिळून एकदा डोळे भरून बघायचं, एवढीच मामांची इच्छा होती. पण त्यांचे हात कापायचे. म्हणून काम सुपडूकडे आलं. मामींशिवाय घरात दुसरं कोणी नव्हतं, हे मामांचं नशीब.

चाकं अडत होती. मामा म्हणाले, "त्याले तेल दे."

सुपडूने दिलं. थोड्या वेळाने मामी भजी तळायला गेल्या, तर कढईत तेल आणि तेलात इंजिन.

"अरे येड्या," मामा ओरडले, "सुईच्या टोकानं द्याचं! एक थेंब!"

"बरं मामा. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी इंजिन पुसून कोरडं केलं. मामांनी लाल रंगाचा डबा उघडून दिला आणि ते बाजारात गेले. सुपडूने मामींची सुई घेतली. एक थेंब उचलला, लावला. दुसरा थेंब उचलला, लावला. संध्याकाळी मामा आले तेव्हा नखाएवढी जागा लाल झाली होती.

"हे काय करून राह्यला?"

"सुईनं रंग छान बसते मामा."

"रंगाले ब्रश पाह्यजे! चांगला भरून घे, अन् बोटभर जागा सोडू नको!"

"बरं मामा. आता ध्यानात ठेवतो."

या वेळी मामा समोरच बसले, म्हणून रंग झकास झाला. वाळल्यावर ते म्हणाले, "आता याच्यावर माह्या इंजिनाचा नंबर टाक." आणि पाठ टेकायला गेले.

सुपडूने ब्रश चांगला भरून घेतला. नंबर पुढे टाकला, मागे टाकला, टपावर टाकला, खिडक्यांवर टाकला, चाकांवरही टाकला. बोटभर जागा सोडली नाही.

मामींनी बघितलं आणि विचारलं, "हे इंजिन हाये का पंचांग?"

मामांनी कपाळावर हात मारला. रॉकेलचं फडकं घेऊन नंबर पुसून काढले. मग ते सुपडूला समोर बसवून म्हणाले, "बाबा रे, तू डोकं चालवूच नको. माह्या इंजिनाचं जे जे झालं, ते ते याचं झालं पाह्यजे. बस."

"जे जे झालं, ते ते?"

"हो. सगळं."

"बरं मामा. आता ध्यानात ठेवतो."

मामांच्या इंजिनाला एकदा म्हैस धडकली होती. सुपडूने गोठ्यात जाऊन इंजिन म्हशीच्या मागे ठेवलं. म्हशीने लाथ घालून आपलं काम केलं. पोचा बरोबर डाव्या नाकाडावर आला. मामांच्या इंजिनाचं टप धुराने काळं झालं होतं. सुपडूने हे चुलीवर धरलं. नंबरही या वेळी मूळ जागीच पडला.

मामांनी पोच्यावरून बोट फिरवलं. "शाब्बास रे सुपडू! असंच कर. शेवटपर्यंत असंच!"

एवढं कौतुक सुपडूचं जन्मात कोणी केलं नव्हतं. त्याने ते मनावर घेतलं.

एकसष्टीचा दिवस उजाडला. औक्षण झालं. अंगणभर रूळ मांडले. रज्जाकभाई पुढे सरकून बसले. मामांनी नवी टोपी नीट केली आणि हाक मारली, "सुपडू, आण रे आपलं इंजिन!"

सुपडू रांगत आला. हाताने ढकलत त्याने चार डबे आणले. चारही डब्यांत लसूण होता.

"इंजिन कुठे हाये?"

"भंगारवाला आला व्हता मामा. त्याले देलं. आधी छिन्नीनं तुकडे करून घेतले, तुमच्या इंजिनाचे केले व्हते तसे. बदल्यात त्यानं लसूण देला."

रज्जाकभाईंनी हातातला पेढा खाली ठेवला. मामा हळूच उठले, रुळांच्या कडेला जाऊन बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले.

सुपडू दोन पावलं मागे सरकला. मान तिरकी करून त्याने मामांकडे नीट बघितलं.

"बघा रज्जाकभाई," तो समाधानाने म्हणाला, "आता झालं अगदी तस्संच."