साबीनच्या हातून सांडलेलं शुभवर्तमान

खाडीवर अजून पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. मीठवाडी तेव्हा पंधरा-वीस ख्रिस्ती घरांची होती आणि तिला स्वतःचं देऊळ नव्हतं. बांधावरून तासभर चाललं की पलीकडच्या गावात देऊळ लागे. तिथे महिन्यातून एकदा पाद्री येत. मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, ते लॅटिनमध्ये म्हणत, पण येशूच्या गोष्टींचं शुभवर्तमान मात्र आपल्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवत.

वाडीत साबीन नावाची एक बाई होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण कानावर पडलेलं शुभवर्तमान ती शब्दन्‌शब्द घरी आणी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ऐकवी. असं म्हणतात, परतताना ती भरल्या घड्यासारखी चाले आणि कुणाशी बोलत नसे. बोललं की शब्द हिंदकळून सांडतात, असं ती माने.

वाडीला ही सोय फार मानवली. वाचनाच्या वेळी पुरुष बाहेर चिंचेखाली तंबाखू मळत बसत. आत बायका एकमेकींच्या लुगड्यांचे काठ बघत. कुणी टोकलं तर म्हणत, "साबीन ऐकतेय ना, मग झालं."

एके साली साबीनचा थोरला भाऊ कैतान ताडावरून पडला आणि कमरेपासून लुळा झाला. आश्विनात त्याने अन्नही टाकलं. वैदू म्हणाला, येता रविवार बघेल, पुढचं सांगता येत नाही.

"साबीन, या वेळचं नीट आण गो," कैतान म्हणाला. "माझं शेवटचंच असेल."

"आजवर कधी सांडलंय का, दादा?" साबीन म्हणाली.

त्या रविवारी अमावास्येचं उधाण होतं. मिस्सा संपली आणि साबीन सगळ्यांच्या पुढे निघाली. मागून बायका म्हणाल्या, "काय गो, तोंडात मिठाचा खडा धरलायस?" तिने वळूनही पाहिलं नाही.

बांधाच्या मध्यावर तिला खेकड्याचं एक बीळ दिसलं. त्यातून खारं पाणी आतल्या बाजूला उसळत होतं. खाली वाडीचं सगळं भात पिकून पिवळं झालं होतं. साबीनने बिळावर टाच दाबली, पदराचा बोळा कोंबला. भोक मोठंच होत गेलं. ओरडावं तर दादाचं शुभवर्तमान जाणार, न ओरडावं तर वाडीचं वर्षाचं पोट.

साबीन ओरडली. असं म्हणतात, तो आवाज खाडीवरून देवळात गेला आणि वेदीवरच्या मेणबत्त्या आपोआप विझल्या. माणसं धावत आली. ओहोटी लागेपर्यंत सगळ्यांनी चिखल टाकला आणि बांध वाचला.

मग साबीनने मनात शोधलं. एक शब्दही उरला नव्हता.

ती कैतानच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिली. "दादा, सांडलं," एवढंच म्हणाली.

तिच्यामागे चिखलाने भरलेली माणसं दारात खोळंबली होती. कुणी मान वर करेना. शेवटी, दर वेळी चिंचेखाली बसणारा बस्त्याव म्हणाला, "कुणी एक लुळा माणूस होता बहुतेक."

"बहुतेक काय?" त्याची बायको म्हणाली. "चौघांनी खाटेवर घालून आणला होता त्याला."

"दारात गर्दी होती," आणखी एक जण म्हणाला. "आत शिरायला वाट नव्हती."

"मग ते चौघं छपरावर चढले. कौलं काढली," बस्त्यावची बायको म्हणाली.

"लोकांच्या घराची?" बस्त्यावने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो. खाट आत सोडली, येशूच्या पुढ्यात. आधी त्याने त्या लुळ्याच्या पापांची क्षमा केली."

पुढचं कुणालाच आठवेना. मग खाटेवरूनच आवाज आला.

"ऊठ म्हणाला," कैतान म्हणाला. "खाट उचल आणि घरी जा, म्हणाला."

काही जण सांगतात, त्या संध्याकाळी कैतान स्वतःच्या पायांनी बांध बघायला गेला. काही सांगतात, तो फक्त वाटीभर पेज प्यायला आणि तिसऱ्या दिवशी शांतपणे गेला. दोन्हीकडचे वाडीतलेच आहेत आणि दोन्हीकडचे ठाम आहेत. साबीन त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, पण एकटीने शुभवर्तमान तिने पुन्हा कधी आणलं नाही.

आज मीठवाडीला आपलं देऊळ आहे आणि मिस्साही मराठीत होते. वाचन चालू असताना कुणी पुस्तक उघडत नाही, सगळे वर बघून ऐकतात. मग ज्या घरी आजारी माणूस असेल तिथे चौघं जातात. प्रत्येक जण आपल्याला आठवेल तेवढं सांगतो आणि शेवटचं वाक्य खाटेवरच्या माणसासाठी ठेवतो. याला साबीनचं सांगणं म्हणतात. आजारी माणूस कधी चुकीचं वाक्य सांगतो, कधी फार वेळ घेतो. तो बोलेपर्यंत चौघं उठत नाहीत. घरोघरी रविवारची जेवणं थंड होतात, पण त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.