झाडाच्या जागी बसलेला साहेब

"…पण एका झाडाच्या बदल्यात दहा मिळत असतील, तर नाही म्हणायचं कारणच काय, बाबा?"

धुंडीगीर बाबा शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग सुधन्वापुढे केली.

"खा. भाजलेल्या हायेत."

"बाबा, मी गंभीरपणे विचारतोय."

"मग गंभीरपनं खा."

सुधन्वाने शेंग घेतली, पण खाल्ली नाही. हातात धरून ठेवली.

कॉलेजात असताना तो प्रत्येक सुट्टीत सोनवळच्या या मठीत येऊन राहायचा, बाबांचे पाय दाबायचा आणि दाबता दाबता त्यांच्याशी वाद घालायचा. बाबा त्याला चेला म्हणत. तो स्वतःला अजून चेला म्हणवत असे, पण आता तो राजधानीत वनधोरण लिहिणाऱ्या समितीवर होता. परदेशातल्या एका परिषदेत त्याने गरीब देशांच्या बाजूने भाषण केलं होतं आणि तिथल्या टाळ्या अजून त्याच्या कानात होत्या. लोक साधूकडे प्रश्न घेऊन जातात. हा उत्तर घेऊन आला होता.

उत्तर असं होतं. सोनवळला रस्ता नाही. डांबर देवराईच्या अलीकडे संपतं आणि पुढे गावापर्यंत राईतून पायवाट. तर रस्ता राईतून सरळ न्यायचा, राई तोडायची आणि पलीकडच्या बोडक्या टेकडीवर दहापट झाडं लावायची. नव्या धोरणाचा हा पहिला नमुना. इथे जमलं की राज्यभर हेच.

गावाने एकच सांगितलं होतं. बाबा म्हणतील ते.

संध्याकाळी सरपंच मठीत येणार होते. तेव्हा बाबांच्या तोंडून 'हो' निघालं, की दुसऱ्या दिवसापासून राईत कुऱ्हाडी चालणार होत्या. सुधन्वाला तो होकार हवा होता. समितीसाठी हवा होताच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त स्वतःसाठी. आयुष्यात एकदा तरी त्याला बाबांशी वाद जिंकायचा होता.

"रीत ठावं हाय न्हवं?" बाबांनी विचारलं.

"कसली रीत?"

"इतक्या सुट्ट्या काढल्यास हितं, आन् निस्त्या भाकऱ्याच खाल्ल्यास व्हय रं?"

सोनवळची रीत साधी आहे. कुणाला झाड तोडायचं असलं, तर त्यानेच त्या झाडाला पाठ टेकून बसायचं आणि झाडाच्या वतीने बोलायचं. समोर दुसऱ्या कुणीतरी उभं राहून कुऱ्हाडीची बाजू मांडायची. झाडाचं बोलणं संपलं, तर झाड तोडायचं. कुऱ्हाडीचं संपलं, तर सगळ्यांनी घरी जायचं.

सुधन्वा हसला.

"म्हणजे ज्याला तोडायचंय तोच झाडाचा वकील? हे उलटं झालं, बाबा."

"उलटंच हाय."

"मग माणूस मुद्दाम तोंड मिटून बसेल."

"बसत्यात की. पांडबा सुतार बसला हुता गप. त्येला नांगराला ऐनाचा बुंधा पायजे हुता. मिळाला. झ्याक नांगर झाला."

"मग रीतीचा उपयोग काय?"

"त्येची आई बसली हुती जांभळीखाली. सरपनाला पायजे हुती तिला. दुपारधरनं जी बोलत सुटली, दिवस मावळंपतुर कुनाला बोलू दिलं न्हाई. शेवटी एक वाळकी फांदी घिऊन घरला गेली."

"मी पांडबासारखा बसतो."

"बस की. कोन न्हाई म्हनतंय?"

मठीमागेच राईतला एक जुना बेहडा होता. राई मोठी असली, की एका झाडाने सगळ्यांच्या वतीने बोललेलं चालतं. सुधन्वाने इस्त्रीच्या पँटीकडे एकदा पाहिलं, मग नाइलाजाने पाचोळ्यात बसला आणि बेहड्याला पाठ टेकली. तोंड घट्ट मिटलं.

बाबांनी अंगावरची भगवी छाटी कमरेला खोचली. घसा साफ केला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण तमाशातल्या सोंगाड्याला लाजवेल असा त्यांचा चेहरा झाला.

"काय गा बेहड्या! उभाच हायेस व्हय अजून?"

सुधन्वा गप्प.

"काम न्हाई, धंदा न्हाई. निस्तं उभं ऱ्हायाचं. शाळंची पोरं चिखलातनं जात्यात. औंदाच्या पावसात अनुसयेला कळा आल्या तर डोलीत घालून न्ह्यावी लागली. वाटंतच पोरगी झाली, ह्याच राईत. रस्ता असता तर दवाखान्यात झाली असती का न्हाई?"

सुधन्वा गप्प. (पोरगी छान आहे, हे जाता जाता सांगतो. हल्ली मठीत येऊन बाबांची दाढी ओढते.)

"आन् आइक. मोठ्या देसांनी आपली रानं कवाच कापून खाल्ली. त्येंच्या आगगाड्या पळाल्या, त्येंची घरं उभी ऱ्हायली. आन् आता आमाला सांगत्यात, तुमी रान राखा, आमाला हवा पायजे. का म्हनून? आमी काय जन्मभर डोलीच वाहायची?"

सुधन्वाचे डोळे चमकले. हे त्याचंच भाषण होतं. शब्द गावरान होते, मुद्दा तोच होता आणि परिषदेत तो स्वतः बोलला होता त्यापेक्षा बरा वठला होता. त्याला टाळी वाजवावीशी वाटली. पण झाडाने टाळ्या वाजवणं बरं दिसलं नसतं.

"फुकट मागत न्हाई आमी. तुझ्या बदली धा लावू. त्या टेकडीवर. मंग काय, एकाचे धा हुशील! धा जागी उभा ऱ्हाशील!"

"मी नाही," सुधन्वा म्हणाला.

बाबांनी कानाला हात लावला.

"काय?"

"मी नाही उभा राहणार. दुसरी दहा राहतील."

"आरं, झाड बोललं की!"

"बोललो नाही. शब्दांची चूक सांगितली."

"असू दे. दुसरी धा. तुझ्यापरीस उंच हुतील."

"कधी?"

"हुतील कवातरी."

"तोवर धनेश पक्ष्याने कुठे राहायचं?" वर पानांत काहीतरी फडफडलं होतं, म्हणून असेल, सुधन्वाला तेच आठवलं. "त्याला ढोली लागते. ढोली जुन्या झाडालाच असते. रोपाला नसते."

"ढोली बांधून दिऊ. सिमिटाची."

सुधन्वाने मान खाली घातली. समितीत हे खरोखरच कुणीतरी सुचवलं होतं. आणि त्याने मान डोलावली होती.

"आणि तुमचा मठीमागचा झरा? मुळं गेली तर उन्हाळ्यात तो टिकेल?"

"न्हाई टिकला तर बोर मारू."

"बोरला पाणी कुठून येणार? वरचं रान गेलं, की खाली काय झिरपणार?"

"मग टँकर आनू!" बाबांनी दोन्ही हात आभाळाकडे उडवले. "रस्ता झालाय न्हवं आता? टँकर थेट दारात!"

सुधन्वाला हसू आवरेना. मोठ्याने हसला, अगदी कॉलेजातल्यासारखा. हातातली शेंग कुठे पडली ते त्याला कळलं नाही. हसता हसता तो थांबला. आपण गप्प बसायचं होतं, हे त्याला आठवायला हवं होतं. ते आठवलं नाही. त्याला राग आला, आणि तो राग बेहड्याच्या वतीने होता की स्वतःचा, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"टँकर कशाला आणता? रस्ता नदीकडून न्या ना!"

बाबांचे हात खाली आले.

"…नदीकडनं?"

हा आवाज कुऱ्हाडीचा नव्हता, बाबांचा होता.

"नदीकडनं कुठला आला रस्ता?"

"आधी तिकडूनच आखला होता." सुधन्वा हळू बोलू लागला. "थोडा लांब पडतो. एक मोरी बांधावी लागते. मोकळी जमीन आहे, झाडं अशी तोडावी लागत नाहीत."

"मग?"

"मग… बदलला."

"कुनी?"

सुधन्वाने पँटीवरची एक मुंगी बोटाने उचलून बाजूच्या पानावर ठेवली.

"मी."

"का रं लेकरा?"

"धोरणाला नमुना हवा होता. थंडीत पाहुणे यायचेत, दुसऱ्या देशांचे. जुनं रान तोडून नवं कसं उभं केलं, ते त्यांना दाखवायचं होतं. रस्ता नदीकडून गेला असता तर…"

तो थांबला.

"तर काय?"

"तर दाखवायला काही तुटलंच नसतं."

…

ते वाक्य त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. समितीत हेच वाक्य किती गोल, किती गुळगुळीत होऊन आलं होतं. तिथे कुणी हसलं नव्हतं.

इथे आधी बाबा हसले. मग तोही हसला. रान वाचवायचं धोरण, आणि त्याच्या मुहूर्ताला बळी द्यायला एक रान! त्याला लाज वाटत होती आणि त्याच वेळी फार बरंही वाटत होतं.

बाबांनी छाटीचा खोचलेला पदर सोडला.

"माजं संपलं. कुऱ्हाड गप."

"बाबा, तुम्ही मला अडकवलंत."

"मी?"

"तुम्हाला राई वाचवायची होती. मग सरळ तसं म्हणायचं ना. हे सोंग कशाला केलंत?"

बाबा मठीच्या पायरीवर टेकले आणि गुडघे चोळू लागले.

"मला रस्ता पायजे रं."

"तुम्हाला?" सुधन्वाने विचारलं.

"अनुसयेच्या डोलीला एका बाजूनं मी हुतो. ह्या गुडघ्यांनी. ती वरडत हुती आन् माजा पाय घसरत हुता. तवाच ठरवलं, आता रस्ता झाला पायजे. राई जाईल तर जाऊ दे. सकाळीच सरपंचाला सांगून ठेवलंय, माजी हरकत न्हाई. रीत तेवढी करायची ऱ्हायली हुती."

"म्हणजे… तुमचं आधीच 'हो' होतं?"

"व्हय."

"मी यायच्या आधीच?"

"व्हय की."

"आणि मी नुसता गप्प बसलो असतो तर?"

"तर झालं असतं तुजं काम. म्यां तर किती जोर लावला! घसा बसला माजा."

ज्याच्याशी वाद जिंकायला सुधन्वा इतक्या लांबून आला होता, तो आधीच त्याच्या बाजूला येऊन बसला होता. आणि आपण स्वतः कधी पलीकडे गेलो, ते सुधन्वाला कळलं नव्हतं.

पायवाटेवरून खोकल्याचा आवाज आला. सरपंच तंबाखू सोडतील तेव्हा सोडतील, तोवर ते कुठे पोहोचलेत हे सगळ्या राईला आधी कळतं.

"बाबा, सरपंच आले. त्यांना काय सांगायचं?"

"मी तर 'व्हय' म्हनून बसलोय. झाड तू हायेस."

"मंत्रालयात हसतील मला. मीच बदललेली वाट मीच परत फिरवायची म्हणजे…"

"हासतील की."

"पाहुण्यांना काय दाखवू? न तुटलेलं रान?"

बाबांनी वर बेहड्याकडे पाहिलं, मग सुधन्वाकडे पाहिलं.

"पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल सगळं. नुसता रस्ता नाही. धोरणच. झाड तोडायच्या आधी दुसरी वाट शोधलीत का, हे पहिल्या ओळीत यायला हवं. दहा कुठे लावणार, ते मग." तो भरभर बोलू लागला होता. कान लाल झाले होते, डोळे मात्र तरतरीत. "आणि मोरी लवकर झाली पाहिजे, बाबा, पुढच्या पावसाच्या आत. कुणाला डोलीत न्यायची वेळ यायला नको. हे आत्ताच लिहून काढतो, सरपंचांच्या समोरच. नाहीतर परत जाईपर्यंत माझंच मन बदलायचं."

त्याने खिसे चाचपले.

"लॅपटॉप गाडीतच राहिला. थांबा, पळत जाऊन आणतो."

तो उठू लागला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा बेहड्याला टेकवलं. गाडीची किल्ली मागून घेतली, वहाणा पायांत सरकवल्या आणि गुडघ्यांवर हात देत देत पायवाटेला लागले.

"बाबा, अहो तुम्ही कशाला? लांब आहे!"

बाबांनी मागे वळून पाहिलं.

"त्यो मी आनतो. तू तितनं उठू नगंस."