चनाप्पा वाण्याचा शब्द

शके १८०७, आश्विन वद्य पंचमी. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि कुरणवाडीच्या बाजारात कळीच्या चुन्याचे ढीग लागले होते. त्या बाजारातल्या चनाप्पा वाण्याची ही हकिगत. आमच्या गावाने ती विसरलेली नाही.

त्या काळी उंदराचं औषध देताना दुकानदार दहा वेळा बजावायचे आणि चुना मात्र गुळासारखा बांधून द्यायचे. चुन्याचं सांगितलंच तर परक्याला, ओळखीच्याला नाही. जाणत्याला सावध करणं म्हणजे त्याचा अपमान, अशी बाजाराची रीत. चनाप्पाही तसाच वागायचा.

त्या दिवशी ठकू त्याच्या दुकानी आली. गवंड्याच्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सून. तिने उंदराचं औषध घेतलं, तेव्हा चनाप्पाने तीनदा बजावलं. मग तिने भिंतींच्या सफेदीसाठी चुना मागितला. गवंड्याची सून, हिला चुन्याचं काय सांगायचं, असं मनात येऊन तो गप्प राहिला. ठकूने घरी चुना घागरीत भरला, वरून पाणी ओतलं आणि आत वाकून पाहिलं. चुना उसळला. दोन्ही डोळे गेले.

चनाप्पा तिच्या दारी गेला आणि काय देऊ म्हणाला. तिने पैशाला हात लावला नाही.

"अप्पा, तुमच्याकडे माझा एक शब्द राहिलाय. बाजारातल्या प्रत्येक दुकानात, येईल त्याला तो मिळेल, तेव्हा फिटेल."

दुसऱ्या दिवसापासून चनाप्पा गिऱ्हाइकाकडून म्हणवून घेऊ लागला: आधी पाणी, मग चुना, तोंड लांब. म्हटल्याशिवाय माल मिळायचा नाही. वाण्याने शाळा काढली, म्हणून बाकीचे दुकानदार हसले. निम्मं गिऱ्हाईक तुटलं. चनाप्पा हटला नाही.

तिसऱ्या वर्षी इनामदारांची गाडी आली. चुन्याची पोती चढली, तसा चनाप्पा बैलांपुढे उभा राहिला.

"सरकार, म्हणा."

"मला शिकवतोस?"

"गवंड्याच्या सुनेला शिकवलं नव्हतं, सरकार."

इनामदारांनी त्याला बाजूला सारून गाडी हाकायला लावली. असं म्हणतात, बैलांनी छाती फुटेस्तोवर ओढलं, पण चाक तसूभर फिरलं नाही. चार बैल जुंपले, सहा जुंपले, जू मोडलं. असं म्हणतात, पोत्यांतला चुना पाण्यावाचून धुमसू लागला. शेवटी इनामदार पुटपुटले. चनाप्पा म्हणाला, "मोठ्याने." भर बाजारात त्यांनी मोठ्याने म्हटलं आणि गाडी आपसूक निघाली.

इनामदारांना सांगता आलं, मग कुणाला नाही? दुकानदारांची हसणारी तोंडं बंद झाली आणि तेही येईल त्याला सांगू लागले. आजही कुरणवाडीत आश्विनातलं पहिलं पोतं चनाप्पाच्या नावाने गावातल्या सगळ्यात मानाच्या माणसाला देतात, आणि तो चारचौघांत ते तीन बोल म्हणतो. सरपंच असो की डॉक्टर, सूट नाही.

इनामदारांची गाडी अडली, त्याच वर्षी ठकू सासूचा हात धरून बाजारात आली. एकेका दुकानापुढे थांबून तिने चुना मागितला. प्रत्येक दुकानात तिला सांगितलं गेलं. मग ती चनाप्पाच्या पायरीशी आली.

"अप्पा, फिटलं."