साडेतीन फुटांचं अंतर

"पण प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत ना, बाई?"

मकरंद हुपरीकरने विचारलं आणि हातातली फाईल मांडीवर आपटली.

वत्सलाबाई मिठारींनी मिरजेत तीस वर्षं समुपदेशन शिकवलं होतं. आता वय अठ्ठ्याहत्तर. दर बुधवारी त्यांचे जुने विद्यार्थी अडलेल्या फायली घेऊन त्यांच्या बाल्कनीत येत.

मकरंद सहसा येत नसे. त्याचं अडत नसे. त्याच्या केंद्राच्या भिंतीवर सात प्रमाणपत्रं होती, आणि आठव्यासाठी खिळा ठोकून तयार होता.

"वाच," बाई म्हणाल्या.

"समुपदेशनार्थी, श्री. दस्तगीर सतारमेकर. वय त्रेसष्ट..."

सल्ला घ्यायला येणाऱ्याला पुस्तकात समुपदेशनार्थी म्हणतात. बोलताना हा शब्द एका दमात म्हणणारा माणूस मिरजेत मकरंद एकटाच.

तर हा दस्तगीर तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर. ज्या घोडीवर तारा टेकतात, तिचा माथा कानशीने असा हलक्या हाताने घासायचा, की तार नुसती वाजायची थांबते आणि गायला लागते. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. मग उजवा हात कापू लागला. डॉक्टर म्हणाले, कंप वाढतच जाईल. दस्तगीरने घरी येऊन हत्यारं फडक्यात बांधली आणि जेवण सोडलं. नुसता चहा. लेकीने डोळ्यांत पाणी आणलं, तर अर्धी चपाती.

ती लेक, तबस्सुम, त्याला मकरंदकडे घेऊन आली होती.

तिसऱ्या भेटीत दस्तगीरने विचारलं होतं, "माझ्या जागी तुमी असता, तर जगला असता का?"

"मग तू काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

"मी म्हणालो, 'हा प्रश्न तुमच्या मनात का आला असावा?'"

वाक्य त्याने थोडं थांबून, नीट वाचलं. आवडतं असावं.

"मग?"

"मग त्यांनी काढून ठेवलेली टोपी परत घातली. त्यानंतर तीन भेटी झाल्या. एक शब्द नाही. आज चारला शेवटची. मुलीला म्हणालेत, एवढ्या बारी जातो, पुन्हा मला कुठं नेऊ नको. तिला वाटतं, हा माणूस आता उठणार नाही... बाई, एखादं तंत्र सांगा. माझ्याकडची सगळी वापरून झाली."

बाईंनी फाईलकडे बोट केलं.

मकरंद विश्लेषण वाचू लागला. प्रतिकार. टाळाटाळ. अपूर्ण शोक. चार पानं होती.

दुसऱ्या पानावर बाईंनी कानातलं यंत्र काढलं आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं.

"बाई! ऐकू येतंय का?" मकरंद एवढ्याने ओरडला, की समोरच्या इमारतीत वाळत घातलेली चादर बाजूला सारून कुणीतरी डोकावलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "बॅटरी महाग आहे. तू बोलायला लागलास की लावते."

मकरंदचे कान तापले. फाईल बंद झाली.

"त्याच्या जागी तू असतास," बाई म्हणाल्या, "तर जगला असतास का?"

"असं वैयक्तिक उत्तर..."

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

...

"माहीत नाही." हे त्याने इतकं हळू म्हटलं, की त्याचं त्यालाच जेमतेम ऐकू आलं. "मला त्या माणसाची भीती वाटते, बाई. मला बोलण्यापलीकडे काही येत नाही. उद्या माझी जीभ गेली तर? तो समोर येऊन बसतो, आणि मला तेवढंच दिसतं."

यंत्राशिवाय बाईंना गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहिली तरी पत्ता लागत नसे. पण चेहरा वाचायला त्यांना यंत्र लागत नसे.

त्यांनी यंत्र उचललं आणि कानात घातलं.

"हे त्याला सांग."

"असं सांगता येत नाही! व्यावसायिक अंतर ठेवावं लागतं."

"किती?"

"काय किती?"

"अंतर. फुटात सांग."

"साडेतीन," मकरंद बोलून गेला. दोन खुर्च्यांमधलं अंतर त्याने खरोखरच टेप लावून मोजलं होतं.

बाई हसल्या नाहीत. "चार वाजत आले," म्हणाल्या. "ऊठ."

चारला दस्तगीर केंद्रात आला. बसला, पण टोपी काढली नाही. उजवा हात डाव्याखाली दाबून ठेवला.

...

सव्वाचार झाले. मकरंदने फाईल आणली नव्हती, त्यामुळे स्वतःच्या हातांचं काय करायचं ते त्याला कळेना.

"दस्तगीरचाचा..."

आजवर तो 'श्री. सतारमेकर' म्हणत आला होता.

"तुम्ही विचारलं होतं, तुमच्या जागी मी असतो तर जगलो असतो का. मी उत्तर चुकवलं. मला माहीत नाही, चाचा. तेव्हा मी घाबरलो होतो. आत्ताही घाबरलोय."

दस्तगीरने मान वर केली.

"एवढं सांगाय म्हैना लागला व्हय तुमाला?"

"हो."

"सात कागद लावल्यात भिंतीला. तरी भ्या वाटतंय?"

"म्हणूनच लावलेत, चाचा."

दस्तगीरच्या नाकातून एक आवाज आला. मग खांदे हलले. मग तो हसू लागला, आणि हसता हसता रडू लागला, आणि डोळे पुसायला जो हात वर आला तो उजवाच होता. थरथरत होता. त्याने तो लपवला नाही. मकरंदने खुर्ची पुढे ओढली आणि तो हात धरला.

"हात गेला म्हंजे मी गेलो, असं धरून बसलो हुतो," दस्तगीर म्हणाला. "पर कान जित्ता हाय, डाक्टर. तुमची ही खुर्ची. मागचा पाय आखूड हाय. पयल्या दिसापास्नं टकटक करतीया. तुमी बोलत हुता, आन् मी तीच ऐकत हुतो."

"तीच बरं बोलत असेल."

"तर!"

मग बराच वेळ दोघं बोलत राहिले. मधेच दस्तगीर थांबला. नाक वर करून वास घेतला.

"खाली वडं तळायल्यात न्हवं?... भूक लागलीया मला."

मकरंद दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावला. 'येथे खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी त्याने स्वतः छापून आणली होती. त्या पाटीखाली बसून वडे खाल्ले गेले.

जाताना दस्तगीर दारात वळला. "म्होरल्या बुधवारी येतो. खुर्ची तशीच ठिवा, सुताराला हात लावू देऊ नगा. मी माजी हत्यारं घिऊन येतो."

"आणि हात?"

"कापंल. कापू दे की."

सहाला मकरंद बाईंच्या दारात उभा होता. धापा टाकत. चेहरा असा, की जणू गावात मिरवणूक निघाली असून हत्तीवर तोच बसला आहे.

"जिंकलो, बाई! माणूस उठला! जेवला! हत्यारांचं फडकं सोडतोय!" त्याने एका दमात सगळं सांगितलं. "आणि कसं झालं तेही माझ्या लक्षात आलंय. प्रांजळ आत्मप्रकटीकरण! याच्या पाच पायऱ्या आहेत. परिषदेत निबंध वाचतो. पहिली पायरी..."

"वडे त्याने किती खाल्ले?" बाईंनी विचारलं.

"चार! चौथा तर हातातून पडला, तर उचलून खाल्ला!"

"आणि तू?"

मकरंदने तोंड उघडलं. बोटांकडे पाहिलं. बोटं तेलकट होती...

"आठवत नाही, बाई."

"मग तू होतास तिथे."