लिटरला अठरा

गाडी घाटात बंद पडली तर, या एका विचाराने वृषालीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. नवरा श्रीपाद जीपचं चांगलं चालणारं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायला निघाला होता, आणि त्याच जीपमधून त्यांची लेक ओवी रोज घाट चढून शाळेत जाई. इंजिनातलं वृषालीला ओ की ठो कळत नव्हतं. कळत होती ती फक्त भीती.

सकाळी गॅरेजवाले बापूसाहेब कोंडे डिझेल इंजिन बसवलेली आपली जीप मिरवत दारात आले. "लिटरला अठरा किलोमीटर, वहिनी. माझा शब्द म्हणजे कंपनीचा शिक्का." श्रीपादने आपल्या जीपची किल्ली पुढे केलीच.

"मग आज ओवीला तुम्हीच सोडा, बापूसाहेब," वृषाली म्हणाली. "शाळा बाराच किलोमीटरवर आहे. टाकी रिकामी करून एकच लिटर घाला. वरचे सहा किलोमीटर तुम्हाला सूट."

बापूसाहेबांनी घाटाकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. "पाच लिटर असू द्या की, वहिनी. चढ आहे."

श्रीपादने किल्ली परत खिशात टाकली.

दप्तर घेऊन बापूसाहेबांच्या जीपमध्ये आधीच जाऊन बसलेली ओवी खाली उतरली. "आई, मी बूट बदलते. अर्ध्या घाटातून चालावं लागेल ना?"