करंगळीचा कौल

कोकणात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, वसलेल्या चाळीस उंबऱ्यांच्या एका गावात अनाजी नावाचा गुरव राहत होता. गावची देवी पावणाई. तिची पूजा अनाजीच्या घराण्याकडे सात पिढ्यांपासून चालत आलेली, आणि पूजेबरोबर कौल लावण्याचं कामही त्यांचंच. एखादी गोष्ट करावी की करू नये असा गावाला पेच पडला, की गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर अबोलीची एकेक भिजवलेली कळी चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवी कळी आधी गळून पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर नकार. त्यानंतर त्या गोष्टीवर कुणी चकार शब्द काढत नसे.

वडील वारले आणि हे काम अनाजीकडे आलं, तेव्हा त्याला तीस वर्षंही पुरी झाली नव्हती. स्वभावाने तो बुजरा. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. पण आता पांढऱ्या मिशांची माणसं त्याला बघून ओटीवरून उठू लागली. गावचा प्रमुख भिवराव गावकर एरवी कुणाचं ऐकून घेत नसे, तोसुद्धा देवळात त्याच्यासमोर हात जोडून उभा राही. अनाजीला आधी ते अवघड वाटलं. मग सवय झाली. मग ते आवडू लागलं.

गावाला पाण्याचं मोठं दुःख होतं. होळी झाली की गावातली जुनी विहीर आटे, आणि बायकांना हंडे घेऊन घाटी उतरून खालच्या झऱ्यावर जावं लागे. एक खेप करायला अर्धा दिवस मोडे. म्हणून एका मार्गशीर्षात गावाने ठरवलं, की यंदा नवी विहीर खणायचीच. देवळाच्या उतारावरची जागा गावकराच्या मनात होती. तिथे खणावं का, हे देवीला विचारायचं ठरलं.

सकाळपासून सगळं गाव देवळात येऊन बसलं. अनाजीने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि तो हात जोडून उभा राहिला. कळ्या हलेनात. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं, पोरं भुकेने कुरकुरू लागली, तरी कळ्या जिथल्या तिथे. असं पूर्वीही कधी कधी झालं होतं. अशा वेळी वडील सरळ बाहेर येऊन सांगत, की आज देवी बोलत नाही. पण अनाजीला पाठीवर साऱ्या गावाचे डोळे टोचत होते. 'वडिलांना कौल मिळायचा, याला मिळत नाही' असं लोक म्हणतील, या विचाराने त्याला घाम फुटला. गाभाऱ्यात अंधार होता. समई सारखी करायच्या निमित्ताने तो पुढे झाला आणि करंगळीने त्याने उजवी कळी हलकेच ढकलली.

कळी पडली. बाहेर घंटा वाजली. लोकांनी हात जोडले.

त्या दिवशी अनाजीने मनाची समजूत घातली. जागा गावकराने पाहूनच काढलेली आहे, मग देवी वेगळं काय सांगणार? पाणी लागलं म्हणजे झालं.

पण पाणी लागेना. घरटी एक माणूस रोज खणायला येत होता. वरचा जांभा दगड फुटला, खाली काळा कातळ लागला. पौष सरला, माघ सरला. पंचवीस हात खोल गेल्यावरही तळाची धूळ कोरडीच होती. एक दिवस वरून दगड निसटला आणि तुळाजी नावाच्या जवान गड्याच्या उजव्या हाताचा अंगठा चिरडला. तो कापूनच टाकावा लागला.

लोक चिडले असते, देवीला बोल लावला असता, तर अनाजीला एक वेळ बरं वाटलं असतं. पण लोकांचा विश्वास तसूभरही हलला नाही. देवीचा शब्द खोटा कसा होईल? चुकलं असेल ते आपलंच, असं म्हणत ते आपल्यातच दोष शोधू लागले. आणि दोष शोधायला निघालं की तो सापडतोच. गावात आवडी नावाची एक विधवा होती. चार शेळ्यांवर पोट भरणारी, ना दीर ना भाऊ. तिची एक शेळी त्या खड्ड्यात पडून मेली होती. कुणीतरी म्हणालं, त्या विटाळाने देवी रागावली. दुसऱ्याने मान हलवली. आठ दिवसांत ती गोष्ट साऱ्या गावाची झाली. आवडी घाटीच्या वाटेला लागली की बायका बाजूला सरू लागल्या.

शेवटी गावकराने अनाजीला बोलावून सांगितलं, की येत्या मंगळवारी कौल लावायचा. दोष आवडीचा आहे का, एवढंच विचारायचं. उजवी कळी पडली तर तिने शेळ्या घेऊन गाव सोडायचं.

अनाजीने त्यावर रात्रंदिवस विचार केला. मग त्याला एक तोड सुचली, आणि त्याला वाटलं की आपण सुटलो. एक कळी उजवीकडे पाडली, तशी आता डावीकडे पाडायची. देवी नाही म्हणाली, की आवडीच्या केसालाही कुणी धक्का लावणार नाही. आपलंही नाव राहील. यात वाईट काय?

मंगळवारी देऊळ भरलं. आवडी पायरीखाली उभी होती, पदर तोंडावर धरून. अनाजीने कळ्या लावल्या. हात जोडून तो वाट बघू लागला. त्या दिवशीही कळ्या हलल्या नाहीत. त्याने समईकडे पाहिलं आणि हात उचलला.

हात तसाच राहिला. त्याच्या मनात आलं, आज आवडी सुटेल, पण विहीर कोरडीच राहणार. उद्या लोक आणखी कुणाचं नाव घेऊन येतील. मग परवा तिसऱ्याचं. माझं खोटं असंच एकेकाच्या दारात फिरत राहणार. आणि समोरचा हा पाषाण हे सगळं पाहतो आहे.

तो वळला आणि बाहेर मंडपात आला. त्याने आवाज चढवला नाही, तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"आज देवीने कौल दिलेला नाही. आणि विहिरीचाही दिला नव्हता. ती कळी मी पाडली, या करंगळीने. देवी बोलली असं तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. आवडीबाईचा यात काही दोष नाही. दोष माझा आहे."

देवळात एकदम गलका उठला. भिवराव गावकराने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुणी म्हणालं याला गावाबाहेर काढा, कुणी म्हणालं देवळाची किल्ली काढून घ्या. त्या गलक्यातून तुळाजी पुढे आला. त्याच्या हाताला अजून फडकं बांधलेलं होतं. ते पाहून बाकीचे गप्प झाले.

"तुझी करंगळी हलली," तुळाजी म्हणाला, "आणि माझा अंगठा गेला."

"होय," अनाजी म्हणाला. त्याने कारण सांगितलं नाही की रडगाणंही गायलं नाही. कमरेची किल्ली सोडून ती गावकराच्या पुढ्यात ठेवली आणि गाव देईल ती शिक्षा घ्यायला खाली मान घालून उभा राहिला. आणि त्याला स्वतःलाच नवल वाटलं. घाटी चढून आल्यावर डोईवरचा भारा उतरवावा, तसं त्याचं अंग हलकं झालं होतं. विहीर कोरडी राहिल्यापासून छातीत बसलेला दगड तिथे नव्हता.

गावकराने किल्लीकडे पाहिलं. त्यालाही आतून कुठेतरी टोचत असावं. जागा त्यानेच सुचवली होती, आणि आवडीचं नाव निघालं तेव्हा त्यानेच मान डोलावली होती. किल्ली न उचलताच त्याने रागाने विचारलं, "मग आता विहीर खणायची तरी कुठं?"

"मला ठाऊक नाही," अनाजी म्हणाला.

गुरवाच्या तोंडून हे शब्द त्या पिढीने पहिल्यांदाच ऐकले. लोक एकमेकांकडे बघू लागले. गुरवाला ठाऊक नाही, गावकराला ठाऊक नाही, मग ठाऊक कुणाला?

पायरीखालून आवडीने पदर बाजूला केला. ती अडखळत म्हणाली, की आपण रोज शेळ्या घेऊन फिरतो. गावामागच्या घळीत काजूच्या राईखाली चैत्रातसुद्धा गवत हिरवं असतं. शेळ्या तिथले दगड चाटतात. सकाळी गेलं तर तिथली माती हाताला गार लागते.

"मग आजवर बोलली का नाहीस?" गावकराने विचारलं.

"देवी बोलली होती ना. तिच्यापुढं मी कोण?"

हे ऐकून अनाजीने डोळे मिटले. मग एक म्हातारा म्हणाला, की खरं आहे, लहानपणी त्या घळीत चिखल असायचा, आम्ही खेकडे धरायचो. आणखी एकजण म्हणाला, की तिथे काठी रोवली तर हातभर आत जाते, मीही पाहिलंय. दोघांनीही देवीच्या शब्दापुढे आपलं शहाणपण गिळून टाकलं होतं. आता देऊळभर माणसं बोलू लागली. गावाला जे कधीपासून ठाऊक होतं, ते त्या दुपारी पहिल्यांदा गावाच्या कानांवर पडलं.

दुसऱ्या दिवशी घळीत काम सुरू झालं. पहिली कुदळ अनाजीने मारली. फुलं वेचणारे हात ते, तिसऱ्या दिवशी फोडांनी भरले. तो सकाळची पूजा आटोपून येई आणि दिवे लागेपर्यंत खणत राही. तुळाजीच्या वाटणीचं कामही त्यानेच अंगावर घेतलं होतं. आपल्या घरची दुभती शेळी त्याने आवडीच्या दारात नेऊन बांधली. ती घ्यायला तयार नव्हती, पण तो ठेवून निघून आला.

सतराव्या दिवशी, बारा हात खोलीवर, कुदळीचा आवाज बदलला. तुळाजी काठावर बसून पाट्या मोजत होता. त्याने वाकून पाहिलं आणि तो नुसता हसायला लागला. तळाशी गढूळ पाणी जमत होतं. संध्याकाळपर्यंत ते घोट्याला लागलं, सकाळी गुडघ्याला. पहिला हंडा आवडीने भरायचा असं गावकराने स्वतः सांगितलं. तिने हंडा डोक्यावर घेतला आणि रडत रडत सरळ देवळात नेऊन पावणाईच्या पायांवर ओतला. त्या वर्षी वैशाखात गावातली एकही बाई घाटी उतरली नाही.

गावकराने किल्ली उचललीच नव्हती, ती अनाजीकडेच राहिली. कौलही तोच लावी. मात्र आता तो गाभाऱ्यात दोन समया लावी आणि एका अंगाला उभा राही, म्हणजे कळ्या सगळ्यांना दिसत.

पुढच्या वर्षी तुळाजीला खालच्या गावातून सोयरीक आली. तो कौल लावायला आला. दुपारपर्यंत कळ्या पडल्या नाहीत. अनाजीने त्याला सांगितलं, "देवी आज बोलत नाही. तू जाऊन घर बघ, मुलीशी बोल. तुझं तुला कळेल." तुळाजी मान हलवून निघाला. वाटेत कुणीतरी त्याला छेडलं, की ज्याने गावाला फसवलं, ज्याच्यापायी अंगठा गेला, त्याच्याकडेच परत कशाला जातोस?

"तो 'ठाऊक नाही' म्हणतो," तुळाजी म्हणाला. "म्हणून तो 'हो' म्हणेल तेव्हा मी डोळे मिटून जाईन."

तात्पर्य: देवाच्या नावाने पुढे चालणाऱ्याने जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावं, खोट्या खात्रीचं ओझं निरपराध माणसांच्या डोक्यावर पडतं, आणि खऱ्या कबुलीने माणसांचा विश्वास वाढतो.