चिंधीसाहेब

एकदा एका कारखान्यात एक अभियंता निवृत्तीला टेकले होते. निगुडकर त्यांचे नाव. रेडिओ उघडला की आत कथलाचे चकाकणारे बारीक थेंब दिसतात ना, ते पाडणारे सोल्डरिंगचे हत्यार त्यांनी चौतीस वर्षे घडवले. तापलेल्या टोकाची उष्णता दोन अंशांनीही ढळू नये, हाच त्यांचा ध्यास. नऊ नमुने झाले होते. दहाव्याच्या आराखड्यावर त्यांची सही तेवढी बाकी होती, आणि ती झाली की पुढची कित्येक वर्षे तेच हत्यार जुळणी विभागातल्या बायकांच्या हातात राहणार होते.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांची शिष्या वैजयंता आराखडा घेऊन आली, तर साहेब खुर्चीत नाहीत! ते सापडले जुळणी विभागात, तिथल्या जुन्या कामगार हौसाबाईच्या स्टुलावर. हौसाबाईला त्यांनी घरी पाठवले होते आणि तिचे दिवसाचे आठशे सांधे स्वतः जोडत बसले होते. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. आता ह्या वयात हे काय खूळ, असे तुम्हाला वाटेल. वैजयंतालाही तेच वाटले.

चार वाजता ती पुन्हा आली. "अहो सर, निरोपाला सगळे जमलेत. हार सुकतोय, चला ना!"

"सुकू दे गं," ते म्हणाले आणि मान वर न करता जोडत राहिले.

पाळीचा भोंगा झाला तेव्हा कुठे त्यांनी हत्यार ठेवले. वैजयंताने पेन पुढे केले. त्यांनी धरले, ते गळून पडले. उजवी बोटे वळलेली होती, उघडत नव्हती.

"टोकाची उष्णता मी झोपेतही सांगेन," ते हळूच म्हणाले. "हत्याराची मूठ किती तापते, ते आज कळलं. घामानं निसटते, म्हणून आवळून धरावी लागते. बायका तिला चिंध्या गुंडाळायच्या. मला तो गबाळेपणा वाटला. का गुंडाळतेस बाई, असं एकीलाही विचारलं नाही. कापड जळेल म्हणून सरळ बंदीची नोटीस लावली. बारा वर्षं झाली त्याला. काल हौसाबाईनं निरोपाचा नमस्कार केला, तर तिचे तळवे जुळेनात. म्हणाली, 'चालायचंच साहेब, हत्यार धरून धरून हात तसाच वळलाय.'"

वैजयंता म्हणाली, "सर, दहाव्यात मूठ बदलू आपण."

"तू बदल. मी सही करणार नाही. माझ्याकडे आजची संध्याकाळ उरलीय. आणि तिची बोटं गं? ती कितव्या नमुन्यात सरळ होणार?"

तिने खाली पडलेले पेन उचलले.

"ह्या बायका मला काय म्हणतात, आज शेजारची चुकून बोलून गेली. चिंधीसाहेब. तुला ठाऊक होतं?"

वैजयंताने मान खाली घातली. कारखान्यात आल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे तिला ते ठाऊक होते. डबा खाताना तीही त्यावर हसली होती.

"हो सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "तेव्हाच वाटायला हवं होतं गं."

कुणीतरी आणून दिलेला हार त्यांनी डाव्या हातात घेतला आणि ते फाटकाबाहेर गेले. चौतीस वर्षांच्या कामापैकी जुळणी विभागाच्या भिंतीवर त्यांची एकच सही होती, त्या नोटिशीखाली. वैजयंताने ती नोटीस काढली. मग बिनसहीचा आराखडा घडी करून ती हौसाबाईच्या स्टुलावर बसली आणि हत्यार हातात धरले. मूठ अजून गरम होती.

वडीलधाऱ्यांचे मन राखायला आपण गप्प बसतो, तेव्हा त्याची झळ कुणाच्या तरी हाताला लागत असते.